शेपूट न आलेली मालगाडी

२०१९ साल. दिवाळी होऊन गेली होती, तुरी पिवळ्या फुलोऱ्यात होत्या. शहाबादच्या पुढे, फरशीच्या खाणींमध्ये एक बंद पडलेली सिमेंट फॅक्टरी आहे. तिच्या मागच्या अंगाला हे घडलं.

मी तिथं होते. हाताच्या अंतरावर उभी होते.

कुणी म्हणेल, म्हातारीला भास झाला. म्हणू द्या. पण रात्र नव्हती, अंधार नव्हता. सूर्य मावळायला अजून अवकाश होता.

हेच मला आजही पटत नाही.

आमचे हे, श्रीपतराव, त्या फॅक्टरीत सांधेवाले होते. मोठ्या लाइनीपासून एक फाटा फॅक्टरीत यायचा. कोळसा आत जायचा, सिमेंट बाहेर. सांधा बदलायचा, हिरवा झेंडा दाखवायचा आणि मालगाडी आत घ्यायची, हे त्यांचं काम. माझा सगळा संसार त्या फाट्याच्या कडेच्या क्वार्टरात झाला. इतकी धूळ उडायची की दोरीवरची लुगडी वाळून पत्र्यासारखी कडक व्हायची. नळावर मराठी, कानडी, दखनी, तिन्ही भाषांत भांडणं. दुबलगुंडीहून माझी आई आली की कानात बोटं घालायची. आता ती भांडणंसुद्धा आठवली की बरं वाटतं.

मग फॅक्टरी बंद पडली. फाट्याचे रूळ उपटून भंगारात गेले. राहिली नुसती खडीची उंच पट्टी, आणि तिच्यावर बाभळी.

माझा नातू धनराज, मुलीचा मुलगा, लहानपणी सुट्टीत आमच्याकडेच असायचा. आजोबांच्या शेजारी फाट्यावर उभा राहायचा. त्यांनी त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती.

"गाडीला हात दाखवला, का तिचं शेपूट जाईस्तोवर हात खाली घ्यायचा न्हाई."

शेपूट म्हणजे शेवटचा, गार्डचा डबा. मधूनच डबे तुटून मागं राहिले, तर ते सांध्यावरच्या माणसालाच कळतं. म्हणून शेपूट दिसल्याशिवाय हलायचं नाही. पाळी संपली असली तरी नाही. बदलीचा माणूस शेजारी येऊन हात वर करायचा, तेव्हा ह्यांचा हात खाली यायचा.

हे गेले, पण पोराच्या अंगात रेल्वे राहिली. कलबुर्गीत मोबाइलच्या दुकानात कामाला होता, आणि सुट्टी मिळाली की गळ्यात कॅमेरा. रुळाच्या कडेला उन्हात तासन्‌तास बसून इंजिनांचे फोटो काढायचा. कुठलं इंजिन, कुठल्या शेडचं, आवाजावरून सांगायचा. त्या साली रेल्वेत सहायक ड्रायव्हरची परीक्षा पास झाला होता. फक्त डॉक्टरी तपासणी राहिली होती. डोळे आणि हातपाय धड निघाले की इंजिनात बसायचं. लहानपणापासून दुसरं काही मागितलंच नव्हतं त्यानं.

तो म्हणाला, "आजी, मोठ्या लाइनीवर विजेचे खांब लागायलेत. डिझेल इंजिनं जाणार आता. तुझ्या फॅक्टरीची चिमणी मागं धरून एक फोटो घ्यायचाय. चल की."

मलाही माझं क्वार्टर बघायचं होतं. गेले.

आधी सिद्धप्पाकडं चहा झाला, त्याच्या बायकोच्या, मल्लव्वाच्या हातचा. सिद्धप्पा म्हणजे ह्यांचा जोडीदार, ह्यांच्यानंतरच्या पाळीचा सांधेवाला. फॅक्टरी गेली तरी तो त्याच वस्तीत राहिला होता. मला तो नागक्का म्हणायचा, मी त्याला अण्णा.

"काय रे," तो धनराजला म्हणाला, "ह्या वयात पोरींचे फोटो काढायचे सोडून इंजिनाचे काढायलास?"

"लगीन झालंय माझं, अज्जा. रेणुका हाय घरी."

"आन् ती काय म्हणती?"

"म्हणती, इंजिनालाच कुंकू लावा."

सिद्धप्पा हसून हसून खोकायला लागला. "फोटो काढून या. मल्लव्वा भजी तळायली. उशीर केलात तर मीच खाईन."

आम्ही खडीच्या पट्टीच्या अलीकडच्या कडेवर चढून उभे राहिलो. एका बाजूला लांब मोठी लाइन. दुसऱ्या बाजूला बाभळींच्या मागं उतरता सूर्य. पट्टीच्या पलीकडं माझं क्वार्टर. छप्पर नव्हतं, पण चुलीचा कोनाडा तेवढा ओळखू आला.

मोठ्या लाइनीवरून मालगाडी आली. धनराजनं हात उंच केला. हे फोटो काढणारे असंच करतात म्हणे, मग ड्रायव्हर खूश होऊन हॉर्न देतो. दिला त्यानं. धनराज फोटो काढत गेला, पण डावा हात वरच. शेपूट गेल्यावरच खाली.

मला ह्यांची आठवण आली. डोळे भरले.

मग त्यानं कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला आणि क्वार्टराकडं तोंड करून व्हिडिओ चालू केला. म्हणाला, "आजीचं घर घेतो."

आणि एकदम वळला.

"आजी… हॉर्न ऐकलास?"

"न्हाई की."

"इकडनं आला. फाट्यावरनं."

मी हसले. फाट्यावर रूळच नव्हते.

पण त्याचा चेहरा उजळला होता. एखादं नवंच इंजिन दिसावं तसा तो पट्टीच्या टोकाकडं बघत होता. आणि सवयीनं… उजवा हात उंच केला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं. टिटव्या ओरडत होत्या, त्या थांबल्या होत्या. खाणीतलं दगड फोडायचं यंत्र लांबून ऐकू यायचं, तेही नव्हतं. वारा होता, पण बाभळीचा आवाज नव्हता.

माझ्या स्वतःच्या पायाखालची खडी वाजत नव्हती…

"ही कोणती गं? असलं इंजिन म्या कधीच बघितलं न्हाई," तो म्हणाला.

"धनराज, तिथं काय न्हाई."

"डबे बघ की! लई जुने हायत."

त्याची मान हळूहळू डावीकडून उजवीकडं जायची, पुन्हा डावीकडं. डबे बघतो तशी.

मग मी ते पाहिलं.

मावळतीचं ऊन समोरून आमच्या दोघांच्याही तोंडावर पडत होतं. माझ्यावर सरळ. त्याच्या तोंडावर मात्र… ऊन, सावली. ऊन, सावली. ऊन, सावली.

गाडी सूर्याच्या आडून जाताना डब्यांच्या फटींतून पडतं, तसं.

मी त्याच्या पुढं जाऊन उभी राहिले. सावली माझ्यावर पडली नाही. माझ्यातून आरपार त्याच्यावरच पडत राहिली.

"बस झालं. हात खाली घे, चल घरी."

"शेपूट येऊ दे, आजी."

बराच वेळ गेला. सूर्य बाभळीच्या शेंड्यावर होता, तो फांदीत आला. धनराज आधी हसत होता. "लईच लांब हाय गं." मग हसायचा थांबला. मग घाम आला.

"आजी… हात खाली येईना."

मी त्याचा दंड धरून ओढला. लोंबकळले म्हणा ना. लोखंडाच्या खांबाला लोंबकळावं तसं. पायाखालची जमीन गप्प होती, पण त्याचा हात आतून थडथडत होता. मालगाडी जाताना आमच्या क्वार्टराची भिंत थडथडायची, अगदी तसा.

"डोळे मीट, बाळा."

"मिटत न्हाईत."

मी माझ्या पदरानं त्याचे डोळे झाकले. तो असा किंचाळला की मी आयुष्यात तसा आवाज ऐकला नाही.

"नको! आजी, काढ! डबे कलायलेत इकडं! अंगावर यायलेत!"

मी पदर काढला. तो रडत होता. सव्वीस वर्षांचा बाप्या, लहानपणी रडायचा तसा.

"डब्यांत काय हाय रे?"

"…इचारू नको."

मी देवाचं नाव घेतलं. गाणगापूरच्या दत्ताला नवस बोलले. कपाळावर त्याच्या माती लावली. काही झालं नाही. ऊन, सावली. ऊन, सावली. ओरडले तर माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटायचा. पळून जाऊन कुणाला बोलवावं, तर पोराला एकट्याला कसं सोडू? आणि सोडू नये, तर मी इथं करणार काय?

शेवटी सिद्धप्पाच आला. हातात भज्यांचा डबा.

"अगं नागक्का, गार होऊन गेली की ही…"

त्यानं धनराजला पाहिलं. मी सगळं सांगितलं. त्यानं पट्टीकडं पाहिलं. त्यालाही काही दिसलं नाही.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "उनानं मन भरमलंय पोराचं. आजोबाचं भरलंय डोक्यात. जबरदस्ती करू नको. बदली दिली की उतरंल."

"बदली?"

"व्हय. ड्यूटीवरचा माणूस असा येत नसतो. त्याला बदली पाहिजे." आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. त्याला ते पोराची समजूत काढणं वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं. खरंच सांगते, मला हायसं वाटलं.

त्यानं डबा खाली ठेवला. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. धनराजच्या शेजारी ताठ उभा राहिला आणि उजवा हात वर केला.

"सिद्धप्पा आलाय ड्यूटीवर. सोड तू, धनराज."

धनराजचा हात ओल्या फडक्यासारखा खाली पडला. त्याच्या मागं तोही पडला.

मी त्याला मांडीवर घेतलं. त्याच्या तोंडावर सरळ, लालसर ऊन होतं. सावली नव्हती. मी रडत, हसत वर पाहिलं. सिद्धप्पाला सांगायला, की उतरलं…

ऊन, सावली. ऊन, सावली.

सिद्धप्पाच्या तोंडावर.

त्याचं हसू हळूहळू गेलं. पांढऱ्या मिशा थरथरायला लागल्या.

"नागक्का," तो म्हणाला, "ह्या डब्यांत तर…"



"अण्णा, हात घ्या खाली! अण्णा!"

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. त्याला बघता येत नव्हतं. नुसतं म्हणाला, "पोराला पानी पाज. ईरण्णाला सांग."

ईरण्णा त्याचा मुलगा. मी धनराजला कसंबसं वस्तीपर्यंत आणलं. ईरण्णा आणि आणखी माणसं धावत गेली. मला वाटलं, चौघं मिळून हात खाली घेतील. नाही आला. त्यांनी त्याला तसाच उचलून आणला, पालखीतल्या मूर्तीसारखा, हात वर.

पुढचं थोडक्यात सांगते.

मल्लव्वा नवऱ्यामागं फार दिवस राहिली नाही. ईरण्णानं ती वस्ती सोडली. आता आळंदकडं, कडगंचीला चहाची टपरी चालवतो. माझ्याशी बोलत नाही. त्याला दोष देत नाही मी.

धनराज तपासणीला गेला. डोळे, हातपाय, सगळं धड निघालं. नोकरीचा हुकूम आला. तो हजर झाला नाही. रेणुकानं समजावलं, मी पाया पडले. म्हणाला, "इंजिनात बसलो तर रोज कुणीतरी मला हात दाखवणार, आजी. मला बघवणार न्हाई." अजून मोबाइलच्याच दुकानात आहे. डब्यांत काय होतं, हे त्यानं बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

कॅमेरा त्या सगळ्या वेळात चालू राहिला होता. रेणुकानं मला ते दाखवलं. दिसतात फक्त बाभळी आणि माझं क्वार्टर. पण चित्र आपोआप धूसर होतं, स्पष्ट होतं… धूसर, स्पष्ट… एका तालात. ती म्हणाली, जवळून काही गेलं की कॅमेरा असं करतो.

मी आता दुबलगुंडीला भावाच्या घरी असते. फॅक्टरीकडं पुन्हा गेले नाही. गेले ते फक्त सिद्धप्पाच्या मातीला.

कलबुर्गीच्या दवाखान्यात त्याला इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, शिरेचा झटका असेल. हात काही वाकला नाही. तो कुणाशी बोलला नाही, पाणी तेवढं प्यायचा. डोळे मात्र फिरत राहायचे. डावीकडून उजवीकडं. अवसेच्या आधी ते थांबले. हात तसाच राहिला.

लिंगायतांत बसवून माती देतात. खड्ड्यात सिद्धप्पाला मांडी घालून बसवलं. जंगमांनी विभूती लावली, बेलाची पानं वाहिली. हात खड्ड्याच्या वर आलेला दिसला, तेव्हा त्याला पुन्हा बाहेर काढून खड्डा आणखी खोल खणला. खालचा दगड फुटेना, पहार आणावी लागली. ईरण्णा कानडीत बापाला सारखं विनवत होता, "बिडु अप्पा, बिडु." सोडा, अप्पा, सोडा.

मग माती लोटली. मांड्या झाकल्या, छाती झाकली, तोंड झाकलं.

बोटं सगळ्यात शेवटी गेली.