सुतकाचे केस

हसा, हसा पोरांनो, भुताची गोष्ट म्हटली म्हणून! सत्यजित, दात काढून झाले की सांग, मग बोलतो. आणि सावनी, तो टीव्ही बंद कर.

अमेरिकेत शिकताना गिरीश माझा रूममेट, रोज डोक्याला खोबरेल तेल चोपडणारा. सन चौऱ्याण्णव, तेवीस नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगच्या आदला दिवस. संध्याकाळचे सव्वासात. युनिव्हर्सिटीच्या म्युझियमच्या तळघरात गिरीश एकटाच, तिथे असिस्टंट होता. शुक्रवारच्या प्रदर्शनासाठी एक लाकडी मुखवटा तयार करायचा होता. पॅसिफिकमधल्या कनाक लोकांचा. हे एवढं बाकदार नाक, काळ्या पिसांचा झगा आणि कमरेपर्यंत दाढी, खऱ्या माणसांच्या केसांची. त्यांच्यात कुणी मोठा माणूस गेला की त्याला पुरणारी माणसं केस कापत नाहीत. सुतक फिटलं की कापतात आणि ते मुखवट्याला लावतात.

"सुतक? यू मीन, हू डाइड?" सावनी म्हणाली.

गिरीशचे बाबा, साताऱ्याला. दीड महिना झाला होता. म्युझियमच्या क्युरेटरने, त्याच्या साहेबाने, रजा दिली नाही. म्हणे प्रदर्शन आहे! माणूस आहे की कोण तो? दहाव्याला मुलगा नाही. आईने फोनवर एवढंच विचारलं, "केस तरी उतरवलेस ना?" नव्हते उतरवले. "खांदा दिला नाही, आता केस कशाला?" म्हणून चिडून बसलेला.

त्यात त्या हलकटाने फर्मान काढलं. मुखवट्याची दाढी घाणेरडी दिसते, कापून नीट कर, नाहीतर पुढच्या सेमिस्टरची असिस्टंटशिप कॅन्सल. म्हणजे व्हिसाही गेला. गिरीशने मला फोन केला. मी काय म्हणालो माहितीये? "काप ना यार, तुझ्या बापाचं काय जातंय?"

जीभ झडायला हवी होती माझी. त्याने लगेच फोन ठेवला.

पुढचं त्याने नंतर साताऱ्याहून कळवलं. त्याने कात्री घेतली. एक बट कापली.

त्या मुखवट्याला डोळ्यांची भोकं नसतात. घालणारा तोंडातून बघतो. गिरीशला ते ठाऊक होतं. म्हणून त्याने तोंडाकडे पाहिलं...

आतून कुणीतरी बघत होतं.

रडून सुजलेले डोळे. आणि चिडलेले.

"माझ्यावर काय डोळे वटारतोस?" गिरीश ओरडला. "वर जा! ज्याने कापायला लावली त्याला विचार!"

बघतो तर कात्री त्याच्या हातात नव्हती.

मग दिवा गेला.

नऊ वाजता घरी आला. टोपी काढली. डोकं तुळतुळीत. कुठे खरचटलेलंसुद्धा नाही.

"कुणी केलं?" मी विचारलं.

"गिरीश, अरे कुणी केलं?"

तो बॅग भरायला लागला. म्हणाला, "आईकडे जातोय. व्हिसा गेला खड्ड्यात."

शुक्रवारी म्युझियमच्या तळघरातलं त्याचं सामान आणायला मीच गेलो. क्युरेटर माझ्यावरच खेकसला, "कापायला सांगितलेली दाढी दुप्पट दाट कशी झाली?" मी म्हणालो, "तुझ्या कर्माने!" मराठीतच म्हणालो. तो तणतणत वर निघून गेला.

मी मुखवट्याजवळ गेलो. माफी मागायची होती, कुणाची ते कळेना. हळूच दाढीला हात लावला.

बोटांना खोबरेल तेल लागलं.