न दिसलेली सुई

"घाई नाही करत गं पेशी. गुणसूत्राला दोन्हीकडून ओढ बसली, की मगच दुभंगते."

गुरुबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण सूक्ष्मदर्शकाशी बसलं की छोटीच्या कानाशी त्यांचा आवाज यायचाच. आज तो आठवला आणि तिला रडू फुटलं.

"आधी पाणी पी," तिला आपल्या घरात बसवत गुप्तहेर वहिनी म्हणाल्या. शेजारी त्यांचे दीर, भाऊजी, पेन चावत बसले होते.

छोटी सांगू लागली. गुणसूत्र एकाच बाजूनं धरलं गेलं, की पेशी अडून बसते. तिनं काचेच्या बारीक सुईनं ते दुसऱ्या बाजूला ओढलं. ओढ बसली, पेशी दुभंगली. त्याची फिल्म घेतली.

"आणि आज समितीसमोर लावली, तर सुईच नाही! मूळ फिल्म कुणीतरी पुसलीय. मला खोटारडी म्हणून काढून टाकतायत."

"सुई कुठून घातली होतीस?"

"नेहमी उजवीकडून घालते. त्या दिवशी सुई धरणारा उजवा दांडा अडकला, म्हणून डावीकडून. एकटीच होते. नवरा गावाला होता, त्यालाही बोलले नाही, समितीलाही नाही. आज तिथून उठले ती थेट तुमच्याकडे."

वहिनी छोटीला आणि भाऊजींना घेऊन तडक प्रयोगशाळेत गेल्या. विभागप्रमुख खेकसले, "कसली सुई? थापा सगळ्या!"

तिथंच शेजारच्या टेबलाशी काम करणारा छोटीचा नवरा कळवळून म्हणाला, "मी फिल्म पाहिलेली नाही हो. पण ती खोटं बोलणार नाही. डावीकडून सुई घालायची म्हणजे खेळ आहे का?"

समितीला दाखवलेली तीच फिल्म वहिनींनी सगळ्यांसमोर लावली.

"भाऊजी, गुणसूत्र कसं दिसतंय?"

"ताणलेलं. रबरासारखं."

"कोण ओढतंय?"

"कुणीच नाही... अरेच्चा!"

"आणि पेशीची डावी कड चित्रातच नाही. तेवढी पट्टी कापलीय. सुई कापता आली, ओढ नाही कापता आली." वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "फिल्म न पाहता 'डावीकडून' कसं कळलं हो तुम्हाला?"

विभागप्रमुखांनी बडतर्फीचा कागद मुकाट्यानं फाडला. नोकरी राहिली, पण छोटीला हसू आलं नाही.

"का रे?" तिनं विचारलं. "माझ्या सुयासुद्धा तूच घडवून द्यायचास."



"नव्या प्रयोगशाळेतली जागा तुला मिळणार होती ना, तिच्यासाठी मीही अर्ज केला होता," तो म्हणाला. "मला नको म्हणाले. तुला सांगितलं नाही. तू घरी आलीस, तुझं काम सांगत बसलीस, की मला तुझा राग यायचा. रोज यायचा."