लाल पट्टी

अकरावा दिवस. शाळा सुटली की मी गणवेशातच वॉर्डात यायचे, खाटेशेजारी भूमिती सोडवायचे आणि आईच्या पायाकडे बघायचं टाळायचे. जखम चिमूटभर, पण सूज घोट्यापासून आता गुडघ्याला टेकली होती. तीन औषधं बदलून झाली. आईच्या मनगटावर लाल पट्टी : पेनिसिलिनची ॲलर्जी.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते देता आलं असतं, तर पायाची एवढी काळजी नव्हती."

"माझ्या आईनं," आई थकून म्हणाली. "लहानपणी अंगभर पुरळ उठलं होतं म्हणे."

म्हणे! मी गप्प बसणारी नव्हे. मामाला फोन लावला.

"अगं, ते आमच्या थोरल्या बहिणीला," मामा म्हणाला. "पाच वर्षांची होती. त्यातच गेली. तुझी आई तेव्हा पाळण्यात. पुढे आमची आई दिसेल त्या डॉक्टरला सांगायची, माझ्या पोरीला ते चालत नाही. कुठल्या पोरीला, हे कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. पुरळ नाही, खाज नाही. नर्सनं पट्टी कात्रीनं कापून कचऱ्यात टाकली.

"सुटलात हो!"

मी तर शर्यत जिंकल्यासारखी नाचतच पाण्याची बाटली भरायला गेले.

परत आले, तर आईच्या मनगटावर लाल पट्टी. इवलीशी. कातडीत रुतलेली.

"ही लहान मुलांची," नर्स पुटपुटली. "आमच्याकडे नसतातच या." पट्टीवर लिहिलं होतं, वय : पाच.

तिनं कात्री लावली.

"हळू," आई डोळे मिटूनच म्हणाली. "घाबरलीय ती."

"कोण गं?"

आई झोपली होती.

सलाईनमधून औषध सुरू झालं. मी आईचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

मध्येच कुणीतरी माझी बोटं एकेक करून उचलू लागलं.

बारीक, गार बोटांनी.

मी सोडलं नाही.

बाटली संपली.

सूज उतरली, पाय वाचला. आठवड्यानं आई आपल्या पायांनी घरी आली. त्या संध्याकाळी गृहपाठाला बसले आणि कंपासपेटी उघडली.

आत इवलीशी लाल पट्टी. कुठेही न कापलेली.

आतून अजून कोमट होती.