गवाणकर मॅडमची काडी

वाटी फरशीवर पडून गोल गोल फिरत राहिली, तेव्हा कुठे नूतनने विद्यापीठाच्या जाहिरातीवरून नजर काढली.

"मी नाही पाडली," सहा वर्षांची ईरा म्हणाली.

नूतनचं लक्षच नव्हतं. कायम नोकरीला आधी एम.ए. पुरत होतं. ते केलं, तर सेट आली. सेट झाली, तर पीएच.डी.; ती ईराला मांडीवर घेऊन पुरी केली. आता नवी अट, ज्ञानकलम. म्हणजे मुरलेल्या प्राध्यापकाच्या मेंदूतली विषयाची घडण उचलायची आणि उमेदवाराच्या मेंदूत रुजवायची. अकरा वर्षं तासिकेवर शिकवणाऱ्या नूतनची ही शेवटची संधी होती.

"इतिहासासाठी दाता एकच," कलम करणारे डॉ. तांडेल म्हणाले. "स्वरूपा गवाणकर."

स्वरूपा आणि नूतन, दोघी एका बाकावर बसून एम.ए. झालेल्या. अट वाढायच्या वर्षभर आधी स्वरूपाला कायम खुर्ची मिळाली. त्या खुर्चीला अडकवलेली तिची पर्ससुद्धा नूतनला बघवत नसे. आणि स्वतःचा तास असला की ईराला ठेवायची तीही स्टाफरूममध्ये स्वरूपापाशीच, नाइलाजाने.

"डॉक्टर, नुसतं ज्ञानच येईल ना?"

"घरी आंबे आहेत?"

"सासरी आहेत."

"मग रायवळच्या रोपावर हापूसची काडी बांधताना तिला सांगता का, गोडी तेवढी दे, बाकीचं ठेव म्हणून? अभ्यास करताना माणसाला जे वाटत असतं, तेही त्याच पेशींत गुंफलेलं असतं, बाई."

"येऊ दे. तिचा तोरा आला तर स्टाफरूममध्ये कामालाच येईल."

नेमणुकीचं पत्र आलं त्या सकाळी नूतन ईराची वेणी घालत होती. कलम रुजलं होतं; सनावळ्या, सनदा, सगळं डोक्यात लख्ख होतं. त्यातच स्टाफरूम दिसू लागली. पुढ्यात मोडीचे कागद, मांडीवर ईरा, तिच्या केसांचा खोबरेलाचा वास, आणि छातीत धाकधूक. आता घंटा होईल. आता ती येईल, दारातूनच हात पसरेल, आणि पोर उडी मारून जाईल. रोज जाते. मागे वळूनही बघत नाही.

दारातल्या त्या बाईचा नूतनला जळजळीत हेवा वाटला. बाईचा चेहरा नूतनचाच होता.

वेणी अर्धी राहिली. तिने ईराला घट्ट धरलं आणि नजर दाराकडे लावली.

"आई," ईरा म्हणाली, "कोण यायचंय?"