डाव्या चाकाचा वेग

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता पिकअपचं पुढचं डावं चाक ताशी अठरा किलोमीटर वेगाने फिरत होतं. निदान बिघाड शोधायच्या स्कॅनरच्या पडद्यावर तरी तसा आकडा होता. प्रत्यक्षात गाडी स्टँडवर उचललेली होती, इंजिन बंद होतं, आणि ते चाक मिस्त्रीच्या पाठीमागे भिंतीला टेकून ठेवलेलं होतं.

मिस्त्रीने वळून चाकाकडे पाहिलं. मग आपण वळून पाहिलं याचाच त्याला राग आला.

गाडी त्याच्या थोरल्या बहिणीची. जुनी, पण अंगाने धड. नवरा गेल्यापासून ताईची रोपवाटिका या पिकअपवरच चालत होती. मागच्या आठवड्यात उताराच्या वळणावर तिने ब्रेक दाबला. गाडी थांबता थांबता पेडल पायाखाली थरथरलं, ब्रेक सुटला, आणि गाडी पुढे सरकत जाऊन एका भिंतीला जेमतेम टेकली.

"अजून चार वीत भिंत अलीकडे असती, तर तुझ्या मागची कटकट गेली असती," ताई म्हणाली होती.

"गाडी ठेवून जा."

"आणि रोपं काय डोक्यावर नेऊ, छोटू?" मिस्त्रीला टक्कल पडून बरीच वर्षं झाली होती, पण ताईच्या तोंडी तो छोटूच होता.

"ठेवून जा म्हटलं ना. कारण सापडल्याशिवाय किल्ली मिळणार नाही."

दुखणं तसं ओळखीचं होतं. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचा वेग सांगतो. चाक जाम झालंय असं वाटलं की एबीएस त्याचा ब्रेक क्षणभर सोडतं, म्हणजे गाडी घसरत नाही. जुन्या गाडीत सेन्सरच्या खाली गंज धरतो, सेन्सर जागचा उचलला जातो, आणि वेग कमी झाला की त्याला चाक दिसेनासं होतं. चाक फिरत असतानाच ते जाम झाल्याचा निरोप जातो, आणि नको तेव्हा ब्रेक सुटतो. गंज खरवडायचा, सेन्सर नीट बसवायचा. चहा गार व्हायच्या आत संपणारं काम.

गंज खरवडून झाला. दुखणं तसंच. मग त्याने डाव्या-उजव्या सेन्सरची अदलाबदल केली. दोष भागाबरोबर गेला तर भाग खराब, जागीच राहिला तर जागा खराब. या एका नियमावर त्याचं आजवर पोट चाललं होतं. दोष डावीकडेच राहिला. त्याने वायर बदलली, चाकाचा हब बदलला, शेवटी एबीएसची पेटीच बदलली. आणि आता हे अठरा.

शेजारच्या दुकानातल्या वायरमनला त्याने हाक मारली. वायरमनने पडदा पाहिला, ओठ चावला. "कुठून तरी करंट शिरतोय," म्हणाला आणि त्याने सेन्सरचा प्लगच उपटून हातात घेतला.

आकडा बावीसवर गेला.

वायरमनने प्लग अलगद बाकावर ठेवला. "मुलीला शाळेतून आणायचंय मला," तो म्हणाला आणि गेला. शाळा नुकतीच भरली होती.

मिस्त्री बसला, उठला, पुन्हा बसला. हात पुसायचं फडकं त्याने तीनदा घडी करून तीनदा उलगडलं. शेवटी त्याने स्कॅनरवर रेकॉर्डिंग लावलं. पडद्यावर रेघ उमटत गेली. चढली, उतरली, शून्यावर थांबली, बराच वेळ तिथेच राहिली, पुन्हा चढली. बिघाडाची रेघ अशी नसते. ही कुणीतरी चालवत असल्यासारखी होती.

दुपारी सगळं जोडून त्याने ताईला बोलावलं. त्याच्या स्वतःच्या पायाखाली ब्रेक एकदाही सुटला नव्हता, म्हणून चाचणीला तीच हवी होती. तो स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसला. ताईने चौक पार केला. एका मुलाचा चेंडू आडवा आला तशी ती थांबली. पुढे रस्ता खणलेला होता, तिथे खोळंबली. मग मागे घेऊन दुसऱ्या गल्लीने परतली.

गॅरेजमध्ये आल्यावर त्याने दोन रेघा एकावर एक ठेवल्या. उजव्या चाकाची आत्ताची, डाव्या चाकाची सकाळची. चौक, चेंडू, खोळंबा, गल्ली. दोन्ही मिळून एकच रेघ दिसत होती.

"काय झालं? तोंड का उतरलं?" ताईने विचारलं.

"काही नाही. एक भाग यायचाय."

"भाग येईपर्यंत माझी रोपं वाळतील, त्याचं काय?"

शुक्रवारी सकाळी रेघ पंचावन्नपर्यंत गेली, तिथे स्थिर झाली, आणि मग सरळ खाली पडली. पंचावन्न, शून्य. मिस्त्रीने पडदा जवळ घेतला. ब्रेक कितीही चांगला असला तरी रेघेला उतार असतो. भिंतीला उतार नसतो.

त्याने पिकअपची किल्ली खिशात टाकली, बॅटरीची एक वायर काढली, आणि ताई आली तेव्हा स्वतःच्या व्हॅनची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"एवढा उदार कधीपासून झालास?"

"ने म्हटलं ना. पिकअपला हात लावायचा नाही."

ती गेल्यावर कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास आला. दोष कुठे आहे ते कळलं नसलं, तरी दोष इथे होता, स्टँडवर, चाकं काढलेला.

फोन दुपारी आला. व्हॅन पंचावन्नच्या आसपास होती, असं ताई नंतर म्हणाली. समोर उभा असलेला ट्रक तिला दिसला, तिने ब्रेक दाबला, आणि पेडल पायाखाली थरथरलं. मनगट मोडलं, बाकी ती वाचली. व्हॅनचं नाक उरलं नाही.

दवाखान्यात त्याने तिला सगळं सांगितलं. ती छताकडे पाहत ऐकत होती.

"आधी तुझ्या डोक्यातला सेन्सर बदल," ती म्हणाली. मग, "बरं. गाडीत बसत नाही. चालायला तरी परवानगी आहे ना?"

ती चालू लागली. घरून रोपवाटिकेत, रोपवाटिकेतून घरी. मिस्त्रीने पडदा पाहायचा नाही असं ठरवलं आणि दुसऱ्याच सकाळी बॅटरी जोडली. डाव्या चाकाचा आकडा चार होता. पाच. चार. शून्य. पुन्हा चार.

संध्याकाळी त्याने तिला विचारलं, वाटेत कुणी भेटलं होतं का. "हो, शिंपीण भेटली," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

त्या दिवसापासून तो रोज गॅरेज उघडून आधी किल्ली फिरवू लागला. चार, पाच, शून्य. माणूस नाडी बघतो तसं तो ते बघायचा आणि मगच कामाला लागायचा.

काल सकाळी आकडा बराच वेळ चारवर होता. मग सहा झाला.

मग नऊ.

मग अकरा. ताईचे गुडघे दुखायचे. तिला धावताना त्याने लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

अकरा टिकून राहिला. मग रेघ सरळ खाली पडली.

त्याने फोन लावला. रोपवाटिकेतल्या बाईने उचलला. "ताई आत्ताच बाहेर पडल्या. फोन टेबलावरच राहिला त्यांचा."

"कुठे गेली? धावत गेली का?"

"धावत कशाला? सावकाश गेल्या. हसत होत्या."

मिस्त्रीने ती वाट दोन्ही बाजूंनी पालथी घातली. शिंपिणीला विचारलं, दवाखान्यात विचारलं, तिच्या घराचं कुलूप पाहिलं. चौकीत जाऊन वर्दी दिली. मग ती घरी येईल की गॅरेजमध्ये, हे न कळून तो गॅरेजमध्ये येऊन बसला. वायरमन त्याच्याशेजारी येऊन बसला.

ताई रात्री घरी आली नाही. आज सकाळीही आलेली नाही.

पिकअप स्टँडवर आहे. डाव्या चाकाचा आकडा कालपासून शून्यावर आहे. मिस्त्री खुर्चीत आहे, फोन मांडीवर आहे. थोड्या वेळापूर्वी वायरमनने त्याच्या खांद्याला हात लावून पडद्याकडे बोट दाखवलं.

उजवं चाक, नेहमी आत्ताचाच वेग सांगणारं, अकरावर होतं.