मूळ हात

राज्यातल्या चारशे फिजिओथेरपी केंद्रांत त्या वर्षी हेमलता कुरणे यांचेच हात रुग्णांचे आखडलेले खांदे सोडवत होते, आणि खुद्द हेमलताबाईंना नोकरीवरून काढून दोन वर्षं झाली होती.

युक्ती साधी होती. मिरजेच्या एका महाविद्यालयात बाईंनी सात वर्षं खास हातमोजे घालून शिकवलं. कुठे किती दाब द्यायचा, सांधा किती वळवायचा, कधी थांबायचं, सगळं ते मोजे टिपून घेत. त्यातून यंत्र जे शिकलं त्याला ‘हस्तपाठ’ म्हणत. केंद्रांतले यांत्रिक पंजे हस्तपाठावर चालत आणि विद्यार्थीही तोच घोटत. बाईंनी सही दिली होती ती फक्त वर्गात शिकवण्यापुरती. महाविद्यालयाचे संचालक डॉ. श्रीनिवास आठल्ये यांनी ती चारशे गावांपर्यंत ताणली आणि शाल-श्रीफळ देऊन बाईंना वाटेला लावलं. त्याच शालीने आठल्यांचा गळा आवळावा असं बाईंना वाटलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

मग आठल्यांचाच खांदा आखडला. शर्ट घालायला बायको लागू लागली, तेव्हा त्यांनी बाईंना फोन केला.

“यंत्र आहे की तुमचं,” बाई म्हणाल्या.

“अहो, ते लोकांसाठी. माझ्या खांद्याला तुमचाच हात हवा, मॅडम.”

बाई गेल्या. टेबलावर आडवं होता होता आठल्ये म्हणाले, “मोजे घाला हं. एवढा हात लावताय, वाया कशाला घालवायचा?”

या माणसाची हाव खांद्याबरोबर आखडली नव्हती. बाईंनी मोजे चढवले.

रुग्ण ‘पुरे’ म्हणाला की हात तिथेच थांबवायचा, हा बाईंच्या शिकवणीतला पहिला नियम. तो मोडणाऱ्याला त्या वर्गाबाहेर काढत.

“पुरे,” आठल्ये म्हणाले.

बाईंनी दाब वाढवला.

“पुरे, पुरे! अहो मॅडम!”

बाईंनी मनात सावकाश पाच आकडे मोजले. हाड मोडणार नाही, स्नायू फाटणार नाही, ती हद्द त्यांना नेमकी ठाऊक होती. त्या हद्दीच्या आत जेवढा सूड मावला तेवढा त्यांनी घेतला. आठल्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा बाईंना फार बरं वाटलं.

आठवड्याने शेजारच्या शकुंतलाताई केंद्रावरून रडत आल्या. “हेमा, पुरे पुरे म्हणून ओरडले गं मी. आधी थांबायचं ते. आज दाबतच राहिलं.”

 बाई तडक हस्तपाठ सांभाळणाऱ्या तन्वीर मुजावरकडे गेल्या.

“मॅडम, तुमचा हात म्हणजे मूळ हात,” तन्वीर म्हणाला. “दुसऱ्या कुणाचं यंत्र तपासून घेतं. तुमचं मात्र बरोबरच धरतं. ‘पुरे’नंतर पाच सेकंद आणखी दाबायचं, हे तुमच्याकडूनच शिकलंय.”

“अरे, तो उपचार नव्हता! मी सूड घेत होते. तसं लिहून देते. माझी नोंदणी रद्द झाली तरी चालेल, पण तो धडा काढून टाक.”

“यंत्राला दाब कळतो, मॅडम. राग कुठे कळतो? आणि या आठवड्यात खांदे आधीपेक्षा लवकर सुटताहेत. सरांच्या परवानगीशिवाय मला हात लावता येणार नाही.”

“आणि लोक ओरडतात त्याचं काय?”

तन्वीरने मान खाली घातली. “ओरडणारेही बरे होताहेत ना. म्हणून यंत्राने त्या शब्दावर थांबणंच सोडलंय.”

बाईंनी कबुलीजबाब लिहिला आणि आठल्यांसमोर ठेवला. आठल्यांनी तो शांतपणे वाचला आणि घडी करून खिशात घातला.

“तुम्ही काय करत होतात ते मला टेबलावरच कळलं होतं,” ते म्हणाले. “मी कसा विसरेन? पण गुण आला. कालपासून अभ्यासक्रमात घेतलंय. नावही तुमचंच दिलंय, ‘कुरणे दाब’.”

बाई बाहेर आल्या. शेजारच्या वर्गात दोन मुली एकमेकींवर सराव करत होत्या.

“पुरे गं, पुरे!” टेबलावरची कळवळली.

“थांब ना,” दुसरी तिच्या खांद्यावर भार टाकत म्हणाली, “अजून तीन सेकंद राहिलेत.”