वहीत नसलेले पणजोबा

१९७१चा मे महिना. शाळेला सुट्टी लागून आठवडा झाला होता. तिसगावच्या थांब्यावर एसटी उभी राहते न राहते तोच पुष्पावतीनं खाली उडी टाकली. मागोमाग तिचा चुलतभाऊ गहिनीनाथ उतरला.

नगरच्या वाचनालयात दोघांनी सकाळपासून १९२१ सालचं जुनं साप्ताहिक चाळलं होतं. आजोबांचे, म्हणजे रंभाजींचे वडील कानिफनाथ, प्रवरेचा कालवा खोदायला देवळालीला गेले ते परतलेच नाहीत. आजोबा तेव्हा चार वर्षांचे. ‘बाप टाकून गेला’ हे त्यांनी पन्नास वर्षं ऐकलं. सणावारीही ते वेशीकडे बघत बसायचे. पुष्पाला ते बघवत नसे.

आज निधनवार्ता सापडली होती. “देवळालीस कालव्याच्या कामावर तिसगावचे कानिफनाथ सहादू तापाने वारले. वारसांनी कळवावे.” पण पुढच्याच अंकात होतं, “तिसगावच्या चावडीने कळविले की, खानेसुमारीत असा इसम नाही.”

“म्हंजे ते आपले पणजोबा न्हाईतच?” गहिनी म्हणाला.

“गप रे. आधी चावडीतली ती खानेसुमारीची, म्हणजे शिरगणतीची जुनी वही बघू.”

चावडीत तलाठी भाऊसाहेब पान चघळत होते. “जुनं दप्तर पोरांसाठी न्हाई. पळा.”

“चल पुष्पे,” गहिनी जाता जाता म्हणाला, “उंदरांनी खाल्लं असंल. समदं गाव तेच म्हनतंय.”

“कोन म्हनतं?” भाऊसाहेबांनी ताडकन दप्तराचं बासन सोडलं. “बघ, एक पान तरी कुरतडलंय का!”

पुष्पाचं बोट १९२१च्या वहीतल्या ओळींवरून धावलं आणि थांबलं. “गोरक्ष सहादू, कामानिमित्त परगावी. बायको बनुबाई. मुलगा रंभाजी, वय चार.”

“आजोबा बरोबर, पणजीबी बरोबर. बाप तेवढा दुसराच,” गहिनी म्हणाला.

पुष्पाला मार्चातली शिरगणती आठवली. गुरुजींनी नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा आईनं तोंडाला पदर लावला होता. शेवटी नाव पुष्पानंच सांगितलं.

“अरे, पणजी नवऱ्याचं नाव घेईल का? देवाचं नाव आहे म्हणून तिनं मढीच्या डोंगराकडं हात केला असेल. तिथं कानिफनाथांची समाधी, हे आपल्याला ठाऊक. वही लिहिणारा कारकून नगरचा असेल; त्याला डोंगरावरचा नाथ म्हटलं की नगरजवळच्या गडावरचा गोरक्षनाथच आठवणार.”

भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. “आन् चावडीतल्या कुनी गावात एका माणसाला इचारलं न्हाई. पोरांनो, पन्नास वर्सांत आमाला जमलं न्हाई ते तुमी केलं. चला, मीच येतो रंभाजीकडं.”

पुष्पानं वहीत उतरवून आणलेली बातमी आजोबांना वाचून दाखवली. त्यात आणखी एक ओळ होती, “मयताच्या गाठोड्यात लहान मुलाचे नवे जोडे मिळाले.”

आजोबांनी वही आपल्याकडं ओढली. मग म्हणाले, “केवढे हुते, लिवलंय का?”

“नाही, आजोबा.”

“माज्याच मापाचे असतील,” ते म्हणाले.

त्या वर्षी आजोबांनी वडिलांचं पहिलं श्राद्ध घातलं. भाऊसाहेबांची शेवगावला बदली झाली. गहिनीनाथ एसटीत कंडक्टर झाला; तिकिटं कमी फाडली, गप्पाच जास्त मारल्या. पुष्पावतीला देवळाली प्रवराचंच स्थळ आलं. आजोबा होते तोवर दर दिवाळीनंतर तिच्याकडे यायचे आणि कालव्याच्या काठानं चालत सुटायचे. त्यातला कोणता भाग पणजोबांनी खोदला, ते कुठल्याच वहीत नाही. म्हणून आजोबा सगळाच चालायचे.